तिसऱ्या मजल्यावरचा सोफा : मोजमापाच्या नोंदी

घर डोंबिवली पूर्वेला. १९८८ची इमारत, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. आई-बाबा तिसऱ्या मजल्यावर राहतात. मी ठाण्याहून शनिवार-रविवारी येते, म्हणून नोंदी बहुतेक त्याच वारांच्या आहेत. मापं इंचांत लिहिली आहेत. सुतारकाका सुतात बोलतात, तर तेही ठेवलंय : एका इंचाचे आठ सूत.

शनिवार, ११ जानेवारी २०२५

बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले. जुन्या सोफा-कम-बेडमधून उठताना ते दोन्ही हात टेकवतात, एकदा पुढे झुकतात, परत मागे येतात आणि मग उठतात. हे बघवत नाही. पाडव्याच्या आत नवा सोफा आणायचा असं ठरलं. पाडवा ३० मार्चला आहे, म्हणजे हातात अकरा आठवडे.

आईच्या शिवणाच्या डब्यातली कापडी टेप घेतली. ज्या भिंतीला सोफा लावायचा ती १०८ इंच भरली. मुख्य दाराची चौकट ३६. दुकानातला तीन जणांचा सोफा लांबीला ८४, खोलीला ३६, उंचीला ३४. भिंतीशी दोन फूट उरतात आणि ३४ उंचीचा सोफा ३६च्या दारातून आडवा जाईल, असा हिशेब केला. ऑर्डर दिली, ३२,००० रुपये. मोजायला वीस मिनिटंही लागली नाहीत. पुढचं सगळं या वीस मिनिटांमुळे झालं.

शनिवार, १८ जानेवारी

नवा यायच्या आधी जुना काढायचा म्हणून दोघं हमाल बोलावले. सोफा दारापर्यंत आला आणि तिथेच अडला. उभा केला, आडवा केला, तिरका केला. आई शांतपणे म्हणाली, "अगं, तो दारातून आत आलाच नव्हता कधी."

खरंच नव्हता. १९९१ साली सुतार घरी येऊन बसला होता, तीन आठवडे हॉलमध्ये भुसा होता आणि सोफा इथेच उभा राहिला. त्या काळात आमच्या इमारतीतल्या बहुतेक घरांत फर्निचर असंच झालं. त्यामुळे दार केवढं आहे हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. तुमच्या आईवडिलांच्या घरातला मोठा सोफा किंवा कपाट असंच बनलेलं असेल, तर 'जुना आत आला म्हणजे नवाही येईल' हे गृहीत धरू नका.

शेवटी कोपऱ्यावरच्या सुतारकाकांना बोलावून तो सुटा केला, ८०० रुपये गेले. पाठीचा प्लाय निघाला तेव्हा आतल्या बाजूला त्या जुन्या सुताराने पेन्सिलीने लिहिलेले आकडे दिसले : ६ फूट ४, खाली २ फूट ६, आणि बाजूला एक बाण. चौतीस वर्षांनीही शिसं पुसलेलं नव्हतं. बाबांनी तो तुकडा भंगारात देऊ दिला नाही. बाकीच्याचे ४०० रुपये आले.

इथे माझी दुसरी चूक झाली. नवा सोफा घरात येऊन ठेपायच्या आत जुना मोडला.

शनिवार, २५ जानेवारी

सोफा आला आणि परत गेला.

टेम्पोबरोबर दोन माणसं होती. जिना त्यांनी व्यवस्थित पार केला. प्रत्येक वळणावर सोफा उभा करून फिरवला. तिसऱ्या मजल्यावर आमच्या दारासमोर त्यातले मोठे होते ते थांबले. त्यांनी चौकटीवर वीत लावली आणि म्हणाले, "ताई, हा जाणार नाही." मी ऐकलं नाही. दीड तास खटपट केली. आडवा न्यायचा तर दारासमोरच्या चौकात ८४ इंच लांब वस्तू काटकोनात वळतच नाही. उभा न्यायचा तर वरची चौकट आडवी येते. सेफ्टी डोअरच्या बिजागरीला घासून पाठीमागचं कापड दोन बोटं फाटलं. समोरच्या काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या आणि त्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं.

बाल्कनीतून दोरीने वर ओढायची गोष्ट निघाली. बाल्कनीला बॉक्स ग्रिल आहे, ती कापून परत वेल्डिंग करावी लागणार, शिवाय खाली केबलच्या तारा आहेत. तिसऱ्या मजल्यापर्यंत दोरीवर लटकणारा सोफा आणि खाली मुलं खेळतायत, हे मला मान्य नव्हतं.

दुकानाने पैसे परत दिले, पण २,५०० कापून. जाण्या-येण्याचं भाडं १,८०० आणि हमाली १,२०० वेगळी. एकूण ५,५०० रुपये गेले. संध्याकाळी बाबा जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर उशी घेऊन बातम्या बघत बसले होते. पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

रविवार, २६ जानेवारी

आज स्टीलची टेप विकत आणली, १८० रुपये. आधी तिने आईची कापडी टेप तपासली. साठ इंचांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त ताणली गेली आहे. ताणलेली टेप प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवते, म्हणजे सोफा मोजला तर तो लहान वाटेल. शिवणाच्या टेपने फर्निचर मोजू नका.

मग खालच्या गेटपासून सुरुवात केली आणि सोफा ज्या वाटेने येणार ती वाट वर चढत मोजत आले. खोली सगळ्यात शेवटी.

जिना भिंतीपासून कठड्याच्या गजापर्यंत ३९, पण वरचा लाकडी दांडा आत येतो, तिथे ३६ इंच ४ सूत. हेच खरं माप, कारण सोफा त्याच उंचीवर धरलेला असतो. मधले चौक ३८ खोल. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या चौकात कोपऱ्यातून पाण्याचा पाइप उतरतो, तिथे ३४च मिळतात. पहिल्या मजल्यावर चपलांचं कपाट १० इंच पुढे आलंय. चौकात उभं राहून वरच्या स्लॅबपर्यंत ११४ इंच मिळतात, त्यामुळे तिथे सोफा उभा करायला अडचण नाही.

आता आमचं दार. इथे मी पहिल्यांदा काय केलं होतं ते कळलं. चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावली होती. लाकूड दोन्हीकडे दीड दीड इंच आहे. आतून आतपर्यंत ३३. तेही दार काढलं तर. दार लावलेलं असताना ते पूर्ण मागे जात नाही, मागे भिंतीला चपलांचा स्टँड आहे. फळीची जाडी आणि हँडल धरून अडीच इंच जातात. राहिले ३० इंच ४ सूत. सेफ्टी डोअर बाहेर उघडतं आणि चौकातली जागा खातं. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत सगळे मिळून ४१ आहेत.

उंचीचं आणखी वेगळं. बाबांना दार ८२ इंचांचं असल्याचं आठवत होतं आणि ते बरोबर होतं. पण २०१६ साली आपण जुन्या लाद्या न काढता वर नव्या टाइल्स बसवल्या आणि उंबऱ्याला मार्बलची पट्टी लावली. आज उंबऱ्यापासून वरच्या चौकटीपर्यंत ७९ इंच ६ सूत. सव्वादोन इंच जमिनीने खाल्ले. ८४चा सोफा उभा यात कसा जाणार होता? तिरका करायचा म्हटलं तर त्याचं खालचं टोक मागे सरकवायला जागा लागते आणि मागे समोरची भिंत आहे.

दारातून आत गेल्यावर लगेच डोक्यावर लॉफ्ट आहे, २४ इंच खोल, जमिनीपासून ८१ उंचीवर. म्हणजे उभा सोफा दारातून आत आला की तिथेच आडवा करायचा नाही. आडवा होताना कोपरा वर जातो. ७६ लांब आणि ३३ खोल सोफ्याचा कर्ण जवळजवळ ८३ भरतो. लॉफ्टच्या पलीकडे नेऊन मगच झोपवायचा.

सकाळचे साडेतीन तास गेले, पण आता वाट पाठ झाली.

शनिवार, १ फेब्रुवारी

खोलीत जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून चिकटपट्टीने सोफ्याचा आकार केला. पहिला ८४ बाय ३६. टीव्हीच्या टेबलापर्यंत २६ इंच वाट उरली. बाबा काठी घेऊन चालतात. मी म्हटलं, कागदावरून न जाता बाल्कनीपर्यंत जाऊन दाखवा. हे सांगायचीही गरज नव्हती, छापलेल्या कागदावर बाबा पाय देतच नाहीत. पहिल्या फेरीत त्यांना अंग तिरकं करावं लागलं आणि काठी टेबलाच्या पायाला लागली. आठ इंच लांबी आणि तीन इंच खोली कमी करून कागद दुमडले. आता ते सरळ गेले, बाल्कनीच्या दारापर्यंत जाऊन परत आले, कागदाची कडा एकदाही न मोडता.

म्हणजे ७६ बाय ३३. दुकानात उभं राहून हे मला कधीच कळलं नसतं.

भिंतीला अगदी टेकवून चालणार नाही हेही मोजलं. मागे राउटरचा प्लग आहे, तो पावणेदोन इंच बाहेर येतो. आणि ही भिंत बाहेरची आहे, पावसाळ्यात ओल धरते. दोन इंच सोडायचे.

रविवार, २ फेब्रुवारी

बैठकीची उंची. बाबा आता जेवणाच्या खुर्चीतून हात न टेकता उठतात, ती १८ इंच. कल्याणला दोन दुकानांत बाबांना नेलं. पाटीवर '१७ इंच' लिहिलेल्या सोफ्यावर ते बसले आणि मी बाजूने टेप लावली : साडेचौदा. फोम मऊ, माणूस बसला की अडीच इंच खाली. कंपनीने छापलेली उंची रिकाम्या सोफ्याची असते. ज्याच्यासाठी घ्यायचा त्याला बसवून मोजा. बैठकीची खोलीही बघा. २४ इंच खोल बैठकीत बाबांची पाठ टेकते तेव्हा पाय जमिनीवरून सुटतात. २० ला नीट बसले.

शनिवार, ८ फेब्रुवारी

समोरच्या काकूंकडे नवा फ्रिज आला, त्याचा पुठ्ठा मागून घेतला. सोफा बाजूने जसा दिसतो तसा पुऱ्या मापाचा आकार कापला. बाजूने सोफा चौकोन नसतो. मागे पाठ उंच असते, पुढे हात बुटका. पाठीच्या टोकापासून हाताच्या पुढच्या टोकापर्यंत सरळ पट्टी ठेवायची आणि मागच्या खालच्या कोपऱ्यातून गुण्या (सुताराची काटकोनी पट्टी) लावून त्या पट्टीपर्यंत किती अंतर ते बघायचं. दारातून सोफा थोडा फिरवून नेला तर तेवढीच रुंदी लागते. परत गेलेल्या सोफ्याचं हे माप बरोबर ३३ येतं. दार काढलं असतं तरी चौकटीत सूतभर फट राहिली नसती.

पुठ्ठ्याचा नवा आकार पाय नसलेला कापला : खोली ३३, पाठ २९, हात २०. आई आणि मी तो उभा धरून दारातून आत-बाहेर केला. पुठ्ठा दाराच्या कडीला अडला. कडी आतल्या बाजूने पाऊण इंच पुढे आलेली आहे, टेपने मोजताना ती माझ्या लक्षातच आली नव्हती. असल्या गोष्टी पुठ्ठा सांगतो. तासाभराचं काम, खर्च शून्य.

शनिवार, १५ फेब्रुवारी

तयार सोफ्यांत ७६ लांब, २० खोल बैठक, १८ उंची आणि सुटणारे पाय असं एकत्र मिळेना. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेले. तिथे मागे गाळ्यांत कारागीर बसतात, ऑर्डरप्रमाणे बनवून देतात. चार ठिकाणी विचारलं. एकाने माझ्या वहीतली मापं बघून आधी "कितव्या मजल्यावर?" असं विचारलं. त्याच्याकडेच दिली.

ठरलं ते असं : लांबी ७६, खोली ३३, पाय काढून उंची २९, पाय ५ इंचांचे बोल्टवर फिरवून बसणारे, मध्ये पाचवा पाय आधाराला. ४० डेन्सिटीचा फोम, बसल्यावर उंची १८ च्या आसपास राहील असा. किंमत २९,५००. दहा हजार आगाऊ. चिठ्ठीवर मापं लिहून घेतली, पण एक शब्द लिहायचा राहिला. तो पुढे.

शनिवार, १ मार्च

फ्रेम तयार झाली की कापड चढवायच्या आधी बघायला येईन, असं सांगून ठेवलं होतं. आज गेले. टेप लावली तर लांबी ७६. मी खूश. कारागीर म्हणाला, "ये तो लकडी है मॅडम, अभी फोम लगेगा." हातांवर बाहेरून फोम आणि कापड, दोन्हीकडे एकेक इंच. म्हणजे तयार सोफा ७८. दारात उभा करायला ७९ इंच ६ सूत. पावणेदोन इंचात दोन माणसांनी तोलून धरलेला सोफा जिन्यातून आलेल्या दमात सरळ ओढायचा. नको.

पाठ आणि खोली त्याने अंदाजाने फोम धरूनच कापली होती, ती बरोबर होती. फक्त लांबीत गफलत. चूक माझीही होती : चिठ्ठीवर 'तयार माप' असं लिहिलं नव्हतं. त्याने वाद घातला नाही. समोरच बैठकीच्या आडव्या पट्ट्या दोन इंचांनी कापल्या, सांधे परत बसवले. जादा ५०० मागितले, दिले. कापड चढल्यावर हे कळलं असतं तर दुसरा सोफा परत पाठवायची वेळ आली असती. ऑर्डर देऊन बनवत असाल तर फ्रेम बघायला जरूर जा.

शनिवार, १५ मार्च

काल धुळवड झाली. निम्मे कारागीर होळीला गावी गेलेत, काम थांबलंय. २० तारखेला मिळेल म्हणतात. हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं. बाबांचा खुर्चीवरचा आठवा आठवडा.

शुक्रवार, २१ मार्च

सुट्टी घेतली. पहिल्या मजल्यावर जाऊन चपलांचं कपाट उद्या तासभर आत घ्याल का विचारलं. ते लगेच हो म्हणाले. संध्याकाळी सुतारकाकांनी मुख्य दार उतरवायला घेतलं. चार बिजागऱ्या, रंगाच्या थरांखाली स्क्रूचे खाचेच दिसेनात. एकाचं डोकं घासलं गेलं, ते ड्रिलने काढावं लागलं. सव्वा तास गेला. हे ऐन वेळी करायला गेलो असतो तर सोफा जिन्यात उभा आणि हमाल ताटकळलेले. सेफ्टी डोअर मात्र पिनांवर आहे, वर उचललं की सुटतं. रात्री तेवढंच लावून झोपलो.

शनिवार, २२ मार्च

टेम्पो सकाळी दहाला आला. पाय सुटे, वेगळ्या पिशवीत. मी हमालदादांना आधी रिकाम्या हाताने वर नेऊन पाइप, दार आणि लॉफ्ट दाखवलं. यात पाच मिनिटं गेली.

जिना सहज झाला. दाराशी सोफा उभा केला, आणि वरची चौकट घासली. माझ्या पोटात गोळा आला. टेप लावली : साडेएकोणऐंशी. तीन-साडेतीन इंच कुठून वाढले? दोन्ही टोकांना पुठ्ठा आणि जाड थर्माकोल बांधला होता. चाकूने खालच्या-वरच्या टोकाचं बांधकाम काढलं, फक्त प्लास्टिक ठेवलं. परत उभा केला. वर पावणेचार इंच मोकळे, बाजूला चार. दादा पुढून, त्यांचा जोडीदार मागून, "हळू, हळू, लॉफ्ट सोडा," आणि सोफा लॉफ्टखालून सरकत हॉलच्या मध्यावर आला. मग झोपवला. वरपासून खालपर्यंत सगळे मिळून पस्तीस मिनिटं.

पाय बसवायला उलटा केला तेव्हा खालच्या लाकडावर पेन्सिलीने लिहून ठेवलं : ७६, ३३, पाय काढून २९, दार उतरवून न्या, लॉफ्टखाली झोपवू नका. कधीतरी कुणाला तो बाहेर न्यावा लागेलच.

बाबा बसले. मी बाजूने टेप लावली : साडेसतरा. उठताना त्यांनी उजवा हात सोफ्याच्या हातावर ठेवला, पण भार दिला नाही. मग पुन्हा बसले.

रविवार, ३० मार्च

गुढी उभारली. ताई, भाऊजी आणि मुलं आली, सोफ्यावर पाच जण बसले.

खर्च लिहून ठेवते. नवा सोफा जादा धरून ३०,०००. भाडं १,४००. तीन मजल्यांची हमाली १,५००. दार उतरवून बसवायला सुतारकाका ७००. स्टीलची टेप १८०. जुना मोडायला ८००, त्यातले ४०० भंगाराचे परत. आणि पहिल्या सोफ्यापायी गेलेले ५,५००, जे वाटच आधी मोजली असती तर वाचले असते. वेळ अकरा आठवडे, त्यातले नऊ बाबा खुर्चीवर.

एक काम राहिलंय. दार परत बसवल्यापासून खालची कड मार्बलच्या उंबऱ्याला एका कोपऱ्यात घासतेय, दोन सूत रंधा मारावा लागेल. सुतारकाका मंगळवारी येतो म्हणालेत.